एका फेरीपुरता अभ्यास

दिघी, २३ एप्रिल

भावजी,

नमस्कार घ्या, नाहीतर तसाच बाजूला ठेवा, पण कागद फाडू नका. हे पत्र मी गणपतीपासून लिहायचं टाळतोय. आठ महिने झाले. कारणं भरपूर होती. आधी पेन नव्हतं. मग हरिहरेश्वरला एका खानावळीत वाढप्याचं काम धरलं, तिथे पेन होतं, कागद होता, पण गर्दी इतकी की सोलकढीची वाटी एका हातात आणि दुसऱ्यात दुसरी वाटी. तिथली सोलकढी मात्र... असो. खरं कारण भीती. कसली, ते आज सांगत नाही. आज फक्त बसायला शिकतोय.

अक्षर मोठं काढलंय आणि दोन ओळींत बोटभर जागा सोडलीय. कागद जास्त जाणार, जाऊ दे. त्यालाही कारण आहे.

तुम्ही म्हणाल, विनेश आणि पत्र? नववीत शाळा सोडलेला, चहा संपेपर्यंत एका जागी न बसणारा आपला मेव्हणा? बरोबर. मी बसलो नाहीये, मला बसवलंय. समोर ओटीच्या पायरीवर तुमची जुई बसलीय आणि माझ्यावर पहारा करतेय. आमचा करार झालाय. तिने पाचवीच्या परीक्षेला बसायचं आणि मी या पत्राला. तिची परीक्षा काल संपली. म्हणून आज माझी सुरू.

आत्ताच उठायला गेलो तर म्हणाली, "मामा, फेरी अर्ध्यात पण नाय आली. बस खाली."

आमच्या घरी आता सगळं फेरीबोटीवर चालतं. ती आगरदांड्याहून सुटली की अभ्यासाला बसायचं, इकडे दिघीला टेकली की उठायचं. पंधरा-वीस मिनिटं. ओटीवरून ती पूर्ण दिसते, तुम्हाला माहीतच आहे. आज तिच्यावर एक एसटी आहे, दोन टेम्पो आणि कसल्यातरी लग्नाची गाडी, फुलं लावलेली. कुणाचं लग्न असेल? आगरदांड्याच्या बाजूला

टेकली. थांबतो.

२४ एप्रिल

काल वाक्य अर्धं राहिलं. तसंच राहू दे. टेकली म्हणजे टेकली, हा नियम आहे. तो कसा झाला ते आधी सांगतो.

मी पौषात परत आलो. जुईने व्हॉइस मेसेज पाठवला होता. तेव्हा मी उरणला एका ट्रकवर क्लीनर होतो. मेसेज असा होता, "मामा, आई गप्प बसते. जेवताना पण. तू ये ना." एवढाच. तो मी बावीस दिवस ऐकला आणि तेविसाव्या दिवशी एसटीत बसलो.

आलो तेव्हा घरात रोज संध्याकाळी लढाई. हिरामण सरांचा गृहपाठ म्हणजे धड्याखालची प्रश्नोत्तरं पाच-पाच वेळा. जुई सहाला बसायची, नऊ वाजायचे, वहीत चार ओळी आणि त्याही खोडून भोकं पडलेल्या. ताई आधी गोड बोलायची, मग ओरडायची, मग दोघी रडायच्या. एके दिवशी जुईने वही उचलली आणि सरळ खाडीच्या चिखलात भिरकावली. मी काढून आणली. गुडघाभर चिखलात उभा राहून विचारलं, "तुला नेमकं होतं तरी काय गं?"

म्हणाली, "शेवटच्या अक्षरापर्यंत जाते तवर पयलं सुटून जातं. मोठ्या जाळ्यातनं बारका जवळा सुटतो तसं."

भावजी, एवढं स्वच्छ तर मला माझं दुखणं कधी सांगता आलं नसतं. मी आपला शाळेत खिडकीतून बाहेर बघायचो आणि मार खायचो.

दुसऱ्या दिवशी ती बसेना आणि मीही बसेना. समोर फेरी सुटली. मी आपलं बोलून गेलो, "चल, ती टेकेपर्यंत. टेकली की तू सुटलीस आणि मीपण." बसली. शप्पथ बसली. तीन गणितं झाली, चौथं चालू होतं आणि फेरीचा गाड्या उतरायचा लोखंडी फाळका धक्क्यावर आपटला. मी वही मिटली.

ती म्हणाली, "अरे, एक ऱ्हायलं ना!"

"नाय. टेकली."

"अर्धंच ऱ्हायलंय!"

"उद्या."

त्या दिवशी पहिल्यांदा ती वहीमागे लागली आणि वही तिला मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आली ती दप्तर घेऊन थेट ओटीवर, आणि फेरीची वाट बघत उभी. उशीर झाला तर फेरीवाल्यांना शिव्या. फेरी परत पलीकडे जाईपर्यंत सुट्टी. त्या सुट्टीत झाडावर चढ, कुत्र्याला छळ, काहीही. अशा दिवसाला तीन फेऱ्या. चौथी मागितली तरी द्यायची नाही.

पण चार पानांचा गृहपाठ तीन फेऱ्यांत मावतो का? नाही मावत. मग ताईने जे केलं ते ऐका. तिने वहीत अर्ध्या पानावर रेघ मारली आणि खाली लिहिलं, "आज तीन फेऱ्या अभ्यास झाला. मन लावून केला. उरलेलं मी तिला करू दिलं नाही. प्रणाली, जुईची आई." आणि सही. मी म्हटलं, "ताई, सर बोलावतील." म्हणाली, "बोलावू देत. आता ह्या वहीत खोटं काय जाणार न्हाय."

हे बोलताना माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम.

सरांनी बोलावलंच. ताई तिची चांगली निळी साडी नेसून गेली. मी खिडकीखाली उभा. सर म्हणाले, "फेऱ्या म्हणजे काय हो बाई?" ताईने सगळं सांगितलं. सर आधी हसले. मग बराच वेळ वही उलटीपालटी करत बसले. म्हणाले, "ह्या अर्ध्या पानात एकही खाडाखोड नाही. पाच वेळा लिहून ती मला भोकं पाठवत होती. हे अर्धंच बरं." आणि तेच म्हणाले, मुंबईच्या सरकारी रुग्णालयात हिची तपासणी करून घ्या, मी चिठ्ठी देतो.

टेकली.

२५ एप्रिल

आज जुईने कालची पानं तपासली. दोन ठिकाणी लाल गोल केले आणि एक चांदणी दिली. "मामा, बायजाबायचं लिव ना," म्हणाली. लिहितो. म्हणजे जे लिहायचंय ते पुन्हा पुढे ढकलतोय, पण बायजाबाय आलीच पाहिजे.

बायजाबाय म्हणजे जेट्टीवर सुकी मासळी घेऊन बसते ती. तुम्ही तिच्याकडून बोंबील न्यायचात. तिला अक्षर येत नाही, पण अख्खी जेट्टी भरती विचारायला तिच्याकडेच येते. एकदा जुईने विचारलं, तुला कसं कळतं? म्हातारी म्हणाली, "तिथी घ्यावी आन् पाऊणकी म्हनावी. आज सप्तमी. सात पाऊण सव्वापाच. सव्वापाचला पानी भरंल. थोडं मागंपुढं, पन भरंल."

पुढे एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, असं म्हातारीने बोंबील झाडता झाडता पंधरापर्यंत म्हणून दाखवलं. जुईने तीन संध्याकाळी ऐकलं आणि चौथ्या संध्याकाळी तिच्याच शेजारी बसून म्हटलं, एकही न चुकता. मी मधेच नऊ विचारलं, म्हणाली पावणेसात. मी बोटांवर मोजत बसलो, तोवर ती निघूनही गेली. सातचा पाढा वहीत लिहिताना जी पोर रडते तिला पाऊणकी तोंडपाठ!

मी म्हटलं, "बायजाबाय, ही तर अभ्यासात अगदी मागे आहे म्हणतात."

म्हातारी म्हणाली, "मागं न्हाय रं बाबा. तुमी तिला डोळ्यानं शिकवताव. ती कानाची हाय."

हे वाक्य आम्ही घरी आणलं. मी धडे फोनवर वाचून ठेवले, जुई ते पुळणीच्या वाळूत फिरत ऐकायची, सोबत मीही, कारण मलाही चालल्याशिवाय डोकं लागत नाही. इतिहास तर मलाच पाठ झालाय. वाचायला ताईने तुमच्या लग्नाची एक उरलेली पत्रिका घेतली आणि तिला मधोमध लांबट खिडकी कापली. ती पानावर ठेवायची, एकच ओळ दिसते, बाकीच्या झाकलेल्या. (तुमचं नाव कापलं गेलं नाही, ताईने बघून कापली.) पहिल्या महिन्यात एका फेरीत दोन ओळी. आता नऊ.

मुंबईला तीन खेपा झाल्या. डॉक्टरीणबाईंनी जुईशी खूप वेळ खेळल्यासारखं केलं आणि मग लांबलचक नाव सांगितलं, डिस्लेक्सिया. जुईला हसूच फुटलं. "ज्याला वाचता येत नाय त्याच्या आजाराचं नाव एवढं अवघड कोणी ठेवलं?" बाई म्हणाल्या, "आजार नाहीच हा. तुझं डोकं चांगलंच चालतं, फक्त दुसऱ्या रस्त्याने जातं." दाखला दिला. त्यावर परीक्षेत जास्तीचा वेळ, प्रश्न वाचून दाखवणारं कुणीतरी आणि लिहून देणारं कुणीतरी.

हा दाखला म्हणजे पोरीला वेडी ठरवणं नाही, भावजी. तुम्ही फोनवर तसं म्हणाला होतात म्हणून सांगतो. मी तिथे होतो, मी ऐकलं.

टेकली कधीच. जुईला कळलं नाही. मी बसूनच होतो.

२८ एप्रिल

आज पाऊस नाही, ऊन नाही, कारण नाही. आज लिहितो.

गणपतीत तुम्ही ओमानहून सुट्टीवर आला होतात. घर भरलेलं. तुम्ही जुईची निबंधाची वही काढलीत, प्रत्येक पानावर सरांची चांदणी. तुम्ही ती सगळ्यांना दाखवलीत. तुमच्या तोंडावर जे होतं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. मग म्हणालात, "वाच बाळा, हा खंड्या पक्ष्याचं चित्र काढलेला निबंध वाच." जुई वही धरून उभी. एक अक्षर नाही. तुमच्या बहिणी हसल्या, "अगो, स्वतः लिहिलंस आणि स्वतःलाच वाचता येईना?" तुम्ही ताईकडे बघितलंत. आणि ताई म्हणाली, "मी लिहिलाय."

ताईने नव्हता लिहिला. मी लिहिला होता. तो आणि आधीचे सगळे. जूनपासून. डाव्या हाताने लिहायचो, लहान पोराचं अक्षर वाटावं म्हणून. मला वाटलं पोरगी मार खाण्यापेक्षा, बाकावर उभी राहण्यापेक्षा हे बरं. सोपं होतं. तिला खेळायला मिळायचं, मला भटकायला, सरांना वही मिळायची. जुईने एकदा विचारलं होतं, "मामा, मग मी कधी शिकणार?" मी म्हटलं, "शिकशील गं."

ताई जेव्हा म्हणाली 'मी लिहिलाय', तेव्हा मी दोन्ही हात मांड्यांखाली लपवून बसलो होतो. ताटात मोदक होता. तो मी तोंडात घातला, म्हणजे बोलायला नको. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, पोरीला आईच खोटं शिकवते, पाचवीत नापास झाली तर जूनला कर्जतच्या वसतिगृहात घालणार, तिथे शिस्त आहे. मी मोदक चावत होतो. आणि पहाटेच्या फेरीने पळालो. ताई का बोलली नाही माहितीये? मला दुसरं घर नाही म्हणून.

त्या दिवसापासून तुमचा फोन फक्त जुईला येतो. ताई शेजारी बसून ऐकते. तुम्हाला कळू नये म्हणून श्वास पण जपून घेते.

परत आल्यावर मी तिला म्हटलं, सांग ना भावजींना. ती म्हणाली, "तुझं तूच सांगायचं. तुझा गृहपाठ मी करणार न्हाय."

झालं. सांगितलं.

२९ एप्रिल

काल तीन फेऱ्या गेल्या मधून. जुईने वाचलं नाही अजून, मी पानं उशाखाली ठेवलीत.

आता मोठ्या अक्षराचं. रागवा, पण ऐका. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, घरात आणखी कुणाला वाचायला त्रास आहे का? ताई म्हणाली, "नाही." येताना एसटीने माणगाव सोडलं. मग म्हणाली, "विन्या, ह्यांना चष्मा न्हाय."

मला कळायला रोहे-मुरूड एसटीइतका वेळ लागतो नेहमी, पण हे लगेच कळलं. बँकेत तुम्ही म्हणता चष्मा विसरलो, तू वाच. लग्नपत्रिका आली, चष्मा विसरलो. मी चार वर्षं या घरात आहे, मी तुमचा चष्मा कधी बघितला नाही. तुम्ही मेसेज लिहीत नाही, बोलता. सातवीत तुम्ही शाळा सोडलीत ती मस्तीने सोडलीत असं सांगता. आणि तेच तुम्ही तिकडे कामावर टगबोटीच्या इंजिनाचा आवाज ऐकून सांगता कुठला वॉल्व्ह गेलाय. ती कानाची हाय, म्हातारी म्हणाली ना? कान कुणाचे आलेत ते बघा.

तुम्हाला कुणी फेरी लावली नाही, भावजी. तुम्हाला नुसती छडी मिळाली. म्हणून तुम्हाला वाटतं वसतिगृहात तरी काहीतरी होईल. मला तुमचा राग येत होता, आता येत नाही.

एक अडचण मात्र आहे. हे पत्र तिकडे ओमानला तुम्ही श्रीवर्धनच्या सिराजुद्दीनभाईंकडून वाचून घेणार. सिराजुद्दीनभाई, सलाम. हे पान जरा हळू आवाजात वाचा. आणि मोदकाचं कुणाला सांगू नका.

१ मे

निकाल!

थांबा, क्रमाने. नाही, क्रमाने नको. पास! पास झाली! मराठीत पन्नासात बावीस, आणि गणितात एकोणचाळीस!

आता क्रमाने. झेंडावंदन झालं, सरांनी प्रगतिपुस्तकं वाटली. जुईने माझ्या हातात दिलं नाही, ताईच्या पण नाही. खिशातून पत्रिकेची खिडकी काढली, प्रगतिपुस्तकावर ठेवली, बोट लावलं आणि सगळ्या पटांगणासमोर स्वतः वाचलं, "उ... उत्ती... उत्तीर्ण." माझ्या शेजारी काशिफा उड्या मारत होती. चौथीतली, हिचे पेपर तिने लिहून दिले, म्हणून ती पण पास झाल्यासारखी.

हिरामण सर पेढा खात म्हणाले, "अहो, गणिताचा पेपर मी वाचून दाखवत होतो. एका पुड्यात पाऊण किलो डाळ, तर चौदा पुड्यांत, एवढंच वाचलं, ही म्हणते साडेदहा. म्हटलं, अगं, उदाहरण संपू दे! तर म्हणते, सर, चतुर्दशीला भरती पण साडेदहालाच."

ताई हसली. भावजी, मोठ्याने हसली, तोंडावर पदर न धरता. मी जुईला घेऊन जेट्टीवर गेलो, बायजाबायला सांगितलं तर तिने जुईच्या ओच्यात वाटीभर जवळा ओतला. "ह्यो तुज्या जाळ्यातनं सुटलेला," म्हणाली. पोरीने तिलाही ते सांगून ठेवलं होतं तर.

जुईने तुम्हाला व्हॉइस मेसेज केला. तुमचं उत्तर आलं, "ठीक." आवाज बसल्यासारखा होता. सर्दी झालीय का?

रात्री मी उशाखालची पानं तिला दिली. तिने खिडकी लावून वाचली, मोदकाच्या पानाला सबंध तासभर लागला. मला वाटलं रडेल. तिने त्या पानावर पाच चांदण्या काढल्या आणि म्हणाली, "एकपण खाडाखोड नाय मामा."

६ मे

पाकीट आणलंय. पत्ता ताईने लिहिला, म्हणजे तुमच्या नावाला सात-आठ महिन्यांनी तिचा हात लागला. जुई म्हणते शेवटची ओळ तिची. आत्ता तीनची फेरी सुटलीय, ती टेकेपर्यंत ती लिहील आणि मग मी टपालात

मामा शेंगदाणे खातो आणि चुकीचं लिवतो. बाबा मी आता नऊ ओळी वाचते. तुम्हाला पण खिडकी बनवून ठेवलीय. तुमची जु

भावजी, तिने नाव अर्ध्यात सोडलं आणि पेन फेकून उठली. फेरी अजून मधेच आहे. मी ओरडलो, "अगं, टेकली नाय!" ती ऐकत नाही, धक्क्याकडे सुटलीय, अनवाणी. फेरीच्या कठड्याला टेकून एक माणूस उभा आहे, खांद्यावर लाल पिशवी, आणि इंजिनाकडे कान करून मान तिरकी केलीय. अशी मान एकाच माणसाची असते. तुम्ही तर ऑगस्टला येणार होतात!

ताई दारात आलीय. हाताला पीठ तसंच. आत परत जात नाहीये.

पाकीट चिकटवत नाही. तुम्ही वर या, पाय धुवा, ओटीवर बसा. हे सगळं जुई वाचून दाखवेल. वेळ लागेल. चष्मा विसरला असाल तरी चालेल.

टेकली.